चेहरा पाहून निवडलेला गेम

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात :

पत्रलेखक चोवीस वर्षांचे असून फोंडा तालुक्यात आईवडील आणि थोरल्या बहिणीसोबत राहतात व वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरी करतात. चवथीच्या वेळी मिळालेल्या बोनसमध्ये साठवलेले पैसे घालून त्यांनी प्लेस्टेशन ५ हा टीव्हीला जोडून गेम खेळण्याचा कन्सोल घेतला. काही आठवड्यांपूर्वी टीव्हीच्या पडद्यावर त्यांच्या गेमची यादी दिसत असताना बहिणीने विचारले, "तू गेम निवडतोस, की त्यातली बाई निवडतोस?" एवढेच बोलून ती आत गेली, पण तो प्रश्न पत्रलेखकांच्या मनातून जात नाही.

यादी पुन्हा पाहिल्यावर त्यांना जाणवले की जवळजवळ सगळे गेम त्यांनी नायिकेचे रूप पाहूनच घेतले होते. त्यांतला ‘नियर : ऑटोमाटा’ त्यांनी शेवटपर्यंत खेळला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. ‘स्टेलर ब्लेड’ पूर्ण केला, मात्र त्यातील नायिकेचे पोशाख गोळा करण्याचा नाद मध्येच सुटला. पोहण्याच्या पोशाखातील नायिकांचा एक जपानी गेम दोन संध्याकाळींत बाजूला पडला. याखेरीज मोबाइलवरील एका गाचा गेममध्ये, म्हणजे पैसे भरून नशिबाने पात्रे मिळतात अशा गेममध्ये, नवनवी पात्रे मिळवण्यासाठी त्यांनी सहा महिन्यांत अठरा हजारांच्या आसपास रुपये घातले असून हे घरी कोणालाच ठाऊक नाही. पुढच्या वर्षी घरचे त्यांच्या लग्नाचे पाहू लागणार आहेत. आपल्यात काही दोष आहे का, याने काही अपाय होतो का, कन्सोल विकून टाकावा का, की ‘तरुण मुलांना असेच आवडते’ म्हणून विषय सोडून द्यावा, असे त्यांचे विचारणे आहे.

उत्तर :

तुम्ही पत्रात स्वतःसाठी जो कठोर शब्द वापरला आहे तो मी वरच्या सारांशातून गाळला आहे, कारण तुम्ही दिलेल्या माहितीवरून तो तुम्हाला लागू होत नाही. चोवीस वर्षांच्या माणसाला देखणे रूप पाहून थांबावेसे वाटणे हे निरोगी मनाचे लक्षण आहे, आणि त्याबद्दल कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही. मात्र ‘तरुण मुलांना असेच आवडते’ या वाक्यावरही मी तुम्हाला थांबू देणार नाही. त्या वाक्याने अपराधभाव जातो, पण त्याबरोबर चौकशीही थांबते, आणि तुमच्या पत्रात चौकशी करण्याजोगे बरेच काही आहे.

तुम्ही कोणते गेम विकत घेतले याचा हिशेब मांडला आहे, पण कोणते गेम खेळलात हा वेगळा हिशेबही तुमच्याच पत्रात आहे आणि त्याकडे तुमचे लक्ष गेलेले दिसत नाही. ज्या गेममध्ये नायिकांना न्याहाळण्यापलीकडे फारसे काही नव्हते तो तुम्ही दोन संध्याकाळींत सोडलात. ‘स्टेलर ब्लेड’मध्ये पोशाख गोळा करणे सोडलेत, पण लढाई मात्र शेवटपर्यंत लढलात. २०२४ साली आलेल्या या कोरियन गेमची चर्चा प्रामुख्याने नायिकेच्या देहाभोवती झाली. तिची शरीरयष्टी एका मॉडेलच्या त्रिमितीय स्कॅनवरून घेतली आहे, हेही खूप सांगितले गेले. परंतु तो खेळणाऱ्याचे बहुतेक तास शत्रूचा वार नेमक्या क्षणी अडवण्यात जातात, आणि तेवढ्यापुरते नायिकेने काय नेसले आहे हे पाहायलाही सवड नसते. तुम्ही तो पूर्ण केलात, याचा अर्थ तुम्हाला त्या अडवण्याची गोडी लागली होती.

‘नियर : ऑटोमाटा’चे उदाहरण तर याहून बोलके आहे. २०१७ साली आलेल्या या गेमच्या जाहिरातीत डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेली, आखूड काळ्या झग्यातील टूबी ही नायिकाच ठळकपणे दिसत होती आणि तुम्हीही तिच्याकडे पाहूनच तो घेतलात. पण पहिली फेरी संपली की तो गेम खेळणाऱ्याला तिच्या सोबत्याच्या भूमिकेत नेऊन बसवतो, तीच कथा दुसऱ्या बाजूने दाखवतो आणि त्यानंतर आणखी वेगळ्या वाटेने पुढे जातो. जिच्यासाठी पैसे मोजले ती बराच काळ तुमच्या हाती नसते. तरीही तुम्ही थांबला नाहीत. यंत्रांना मन असते का, आणि ज्यांच्यासाठी लढायचे तेच उरले नसतील तर लढाईला काय अर्थ, अशा प्रश्नांत तो गेम खेळणाऱ्याला ओढत नेतो, आणि तुम्ही तेथवर जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीत. नुसते रूप पाहणाऱ्या माणसाची ही वागणूक नव्हे. रूपाने तुमचे लक्ष वेधले आणि पुढचे काम गेमने केले, असे तुमच्या यादीतून मला दिसते.

म्हणून मला तुमच्या पहिल्याच गृहीतकावर बोट ठेवावेसे वाटते. आकर्षणाने गेम ‘निवडला’ असे तुम्ही म्हणता, पण तुमच्यासमोर निवडीला होते तरी काय? आपल्यापुढे येणारी चित्रे आधीच कोणीतरी निवडलेली असतात. ‘टूम रेडर’ हा गेम १९९६ साली इंग्लंडमधील डर्बी येथे असलेल्या कोअर डिझाइन या संस्थेने तयार केला. त्यातील लारा क्रॉफ्ट ही थडगी आणि अवशेष धुंडाळणारी धाडसी स्त्री होती, आणि तो गेम खेळणाऱ्याला मोजूनमापून उड्या मारायला व कोडी सोडवायला लावत होता. जाहिरातींनी मात्र तिचा देहच पुढे केला. लाराचे रूप घडवणारा टोबी गार्ड १९९७ मध्ये ती संस्था सोडून गेला, आणि तिचे जाहिरातीतील चित्रण न पटणे हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. पुढे २०१३ साली याच मालिकेची नव्याने सुरुवात झाली तेव्हा लारा साध्या, मळलेल्या कपड्यांत, जखमा बांधत चालणारी, खऱ्या मुलीच्या बांध्याची झाली, आणि तो गेम त्या मालिकेतील सर्वाधिक खपाचा ठरला. खपाला इतरही कारणे होती. बाजार कितीतरी मोठा झाला होता आणि गेम पुढे अनेक यंत्रांवर आला. परंतु देह झाकला की गिऱ्हाईक जाते ही भीती तरी त्यातून खरी ठरली नाही.

याबाबत झालेला एक अभ्यास मला फार विचार करायला लावतो. अमेरिकेत २००५ ते २०१० या काळात प्रसिद्ध झालेल्या, किशोर आणि प्रौढ वयोगटांसाठीच्या गेमच्या ३९९ वेष्टनांवरील चित्रे त्यात तपासली होती आणि २०१३ मध्ये तो ‘सेक्स रोल्स’ या नियतकालिकात आला. ज्या वेष्टनांवर स्त्रिया होत्या त्यांत दुय्यम स्थानावरील स्त्री उत्तान दाखवलेली असली की विक्री अधिक असल्याचे आढळले. पण स्त्री चित्राच्या केंद्रस्थानी आली की विक्री कमी दिसली, मग तिचा पोशाख कसाही असो. येथे एकामुळे दुसरे घडले असे सिद्ध होत नाही. नायिकेचा गेम खपणार नाही असे आधीच ठरवणारा प्रकाशक त्याच्या जाहिरातीवर कमी खर्च करील, आणि मग तो कमी खपेल, हेही शक्य आहे. तरीसुद्धा त्या काळच्या दुकानात स्त्रीचे रूप कोठे चालत होते आणि कोठे चालत नव्हते हे त्यातून कळते. सजावट म्हणून ती हवी होती, कथेची मालकीण म्हणून नको होती. तुमच्या यादीतील सगळ्या नायिका केंद्रस्थानी आहेत, हे तुमच्या ताईंना कोणीतरी सांगायला हवे.

जाहिरातींविषयीही दोन शब्द, कारण गल्लत तेथेच सर्वाधिक होते. ‘गेम ऑफ वॉर’ या मोबाइल गेमने २०१५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सुपर बोल या फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या प्रक्षेपणात केट अप्टन या मॉडेलची जाहिरात दाखवली. प्रत्यक्षात तो गेम नगर वसवणे, सैन्य जमवणे आणि बांधकाम पूर्ण होण्याची वाट पाहणे अशा स्वरूपाचा होता. अशा चित्राचे काम तुमचे बोट थांबवणे एवढेच असते, आणि तेही ते नेहमी चांगले करत नाही. जाहिरातींतील लैंगिकता आणि हिंसा यांवरील ५३ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०१५ मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये प्रसिद्ध झाले. जाहिरातीतील लैंगिक आशय जितका तीव्र, तितका ब्रँड कमी लक्षात राहतो आणि तो विकत घेण्याचा इरादाही घटतो, असे त्यात आढळले. लोक देहाकडे पाहतात आणि वस्तू विसरतात.

आपण गोमंतकीयांना ही गोष्ट दुसऱ्या बाजूने चांगली ओळखीची आहे. गोव्याची म्हणून जी जाहिरात देशभर लावली जाते तिच्यात समुद्र, वाळू आणि तोकड्या कपड्यांतील स्त्री असते. ते चित्र पाहून आलेला पर्यटक किनाऱ्यावर दोन दिवस काढून निघून जातो, किंवा एखाद्या वळणावर वाट बदलून म्हार्दोळच्या देवळात, सत्तरीच्या रानात, चोडणच्या पक्षी अभयारण्यात पोचतो आणि मग वर्षानुवर्षे येत राहतो. त्या चित्राबद्दल आपल्याला जो राग येतो तो समुद्र सुंदर असल्याबद्दल येत नाही. चित्राने बाकीचे सगळे झाकले, म्हणून येतो. गेमच्या जाहिरातीबद्दलही मला तेवढाच राग आहे आणि तेवढ्याच कारणासाठी आहे. आलेल्या माणसावर मात्र माझा राग नाही.

आता ‘तरुण मुलांना’ या शब्दांकडे येऊ. ही आवड केवळ मुलांची आहे हे मला मान्य नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये अ‍ॅस्टेरियन नावाचा पांढऱ्या केसांचा रक्तपिपासू पुरुष आहे, आणि त्याच्या प्रेमात पडलेल्या चाहत्यांमध्ये स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. जानेवारी २०२४ मध्ये आलेला ‘लव्ह अँड डीपस्पेस’ तर देखण्या पुरुषांशी प्रेमसंबंध जुळवण्याभोवतीच बेतलेला आहे आणि तो मुख्यतः स्त्रियांसाठी तयार केलेला आहे. ‘बायोनेटा’ ही २००९ मधील नायिका उत्तान आहे, पण तिचे रूप मारी शिमाझाकी या स्त्रीने रेखाटले, आणि ती नायिका आपल्या देहाची लाज बाळगत नाही म्हणून ती आवडते असे सांगणाऱ्या मुलीही पुष्कळ आहेत. मला या सदरासाठी मुलींचीही पत्रे येतात, आणि त्यांतल्या काहींनी हीच गोष्ट तुमच्यापेक्षा अधिक भीत भीत लिहिलेली असते, कारण मुलीला अशी आवड असूच नये असे आपल्याकडे मानले जाते. त्यांनाही हेच उत्तर लागू आहे, असे त्यांनी समजावे.

याने काही अपाय होतो का, हे तुम्ही विचारले आहे. गेममधील उत्तान चित्रणामुळे खेळणाऱ्यांमध्ये स्त्रियांविषयीचा दूषित दृष्टिकोन वाढतो किंवा त्यांचे मनःस्वास्थ्य बिघडते का, याविषयीच्या संशोधनांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात असा संबंध आढळला नाही. हे वाचून तुमच्या मनावरचे ओझे उतरावे अशी माझी इच्छा आहे. पण दुसरी बाजूही मी लपवणार नाही. २०१३ च्या एका प्रयोगात, उत्तान कपड्यांतील पात्राच्या रूपात आभासी जगात वावरलेल्या स्त्रियांच्या मनात स्वतःच्या शरीराविषयीचे विचार अधिक आले. म्हणजे चित्र तेच असले तरी ते कोण पाहतो यावर त्याचा भार कमीजास्त होतो. घरातल्या टीव्हीवर तुमची यादी पाहणाऱ्या ताईंना ती यादी तुमच्यापेक्षा वेगळी दिसणारच. १९८३ ते २०१४ या काळातील ५७१ स्त्री-पात्रांच्या अभ्यासानुसार नव्वदच्या दशकात वाढलेली उत्तानता पुढे कमी होत गेली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. तरी अजूनही एखादी मुलगी गेमच्या दुकानाचे पान उघडते तेव्हा हे आपल्यासाठी नव्हे असे तिला वाटावे, अशी चित्रे तेथे असतात. हे मला खटकते आणि तुम्हालाही खटकावे असे वाटते. त्यासाठी तुमची आवड टाकून देण्याची गरज नाही. मैत्रिणीला किंवा चुलत बहिणीला आपण खेळतो तो गेम दाखवताना संकोच वाटतो का, आणि कोणत्या गेमच्या बाबतीत वाटतो, एवढे स्वतःला विचारले तरी पुष्कळ उमगते.

इतके सगळे लिहून झाल्यावर मी तुमच्या पत्रातील त्या भागाकडे येते ज्याची मला खरोखर काळजी वाटते, आणि ज्यावर तुम्ही सर्वांत कमी ओळी खर्च केल्या आहेत. तो भाग म्हणजे मोबाइलवरील गेम.

विकत घेतलेल्या गेममध्ये आकर्षणाचे व्यापारी काम एकदाच होते. भारतात नव्या मोठ्या गेमला चार ते पाच हजार रुपये पडतात. ते दिले की पुढे नायिका देखणी असो वा नसो, तुमच्या खिशाला धक्का लागत नाही, आणि गेम कंटाळवाणा निघाला तर तुम्ही तो सोडू शकता, जसा तुम्ही सोडलातही. गाचा गेममध्ये मात्र आकर्षण दर काही आठवड्यांनी पुन्हा नवे करावे लागते, कारण उत्पन्न त्यावरच अवलंबून असते. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा सप्टेंबर २०२० मध्ये आलेला या प्रकारातील सर्वांत परिचित गेम घ्या. त्यात सर्वोच्च श्रेणीचे पात्र एका प्रयत्नात मिळण्याची शक्यता ०.६ टक्के असते असे तो गेमच जाहीर करतो. नव्वद प्रयत्नांत एक पात्र नक्की मिळते, परंतु ते तुम्हाला हवे होते तेच असेल याची पहिल्या खेपेला खात्री नसते. विशिष्ट पात्र मिळवण्याची संधी साधारण तीन आठवडे चालते, मग दुसरा चेहरा येतो. आधी कथेत त्या पात्राशी ओळख करून द्यायची, त्याचा आवाज ऐकवायचा, थोडा वेळ ते खेळायलाही द्यायचे आणि मग ते नशिबाच्या खेळामागे ठेवायचे, अशी ही रचना असते. येथे रूप आणि जुगाराची ओढ एकत्र येतात, आणि दोन्हींची मिळून जी ताकद होते ती एकट्या रूपात कधीच नसते.

तुमचे अठरा हजार रुपये गेले ते या दुसऱ्या ओढीमुळे अधिक गेले असावेत, असे मला वाटते. पडताळून पाहायचे असेल तर आठवून बघा, पैसे भरून मिळवलेल्या पात्रांपैकी कितींना तुम्ही पुढच्या महिन्यात खेळायला घेतले? ज्या पात्राची ओढ ते मिळताच संपते त्याच्यात ओढ पात्राची नव्हती, मिळवण्याची होती. तेवढ्या रकमेत तुम्ही कन्सोलसाठी पूर्ण किमतीचे तीन मोठे गेम घेऊ शकला असता आणि त्यानंतरही काही पैसे उरले असते. कन्सोल विकण्याचा विचार म्हणूनच मला उलटा वाटतो. त्याने ‘नियर’ घरातून जाईल आणि मोबाइल खिशात तसाच राहील.

यावर करायचे ते असे. गेमच्या खात्याला किंवा प्ले स्टोअरला जोडलेले यूपीआय व कार्ड काढून टाका, म्हणजे प्रत्येक खरेदीच्या वेळी ते नव्याने भरावे लागेल आणि मधल्या दोन मिनिटांत विचार करायला वाव मिळेल. प्रत्येक खरेदीपूर्वी ओळख पटवण्याची अट चालू ठेवा. प्ले स्टोअरमध्ये महिन्याची खर्चमर्यादा नोंदवता येते. ती सूचना देते, खरेदी अडवत नाही, हे मात्र ध्यानात असू द्या. त्यानंतर एका पात्राची संपूर्ण मुदत एकही रुपया न भरता जाऊ द्या. ती मुदत संपल्यावर चार दिवसांनी त्या पात्राची आठवण येते का हे पाहा. हे जमले नाही, किंवा जमवताना फार तगमग झाली, तर खाते बंद करा आणि तेव्हाही जड गेले तर समुपदेशकाकडे जाण्यात संकोच करू नका. आणि झालेला खर्च घरात निदान एका व्यक्तीला सांगा. ती व्यक्ती ताई असाव्यात असे मी सुचवीन, कारण त्यांनी तुम्हाला तोंडावर प्रश्न विचारला, आईबाबांकडे कागाळी केली नाही.

पुढे नवा गेम घेताना काय करावे, हे इतर वाचकांनाही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते. ट्रेलर हा गेम नव्हे. त्याऐवजी कोणीतरी प्रत्यक्ष खेळताना केलेले, मध्ये कापाकापी न केलेले अर्ध्या तासाचे चित्रीकरण पाहा आणि तेही सुरुवातीचे नको, मधल्या कुठल्यातरी टप्प्याचे पाहा, कारण सुरुवात सगळेच सजवतात. त्या अर्ध्या तासात खेळणारा माणूस बहुतेक वेळ काय करत आहे, पळत आहे, लढत आहे, कोडी सोडवत आहे की संवाद वाचत आहे, ते ध्यानात घ्या आणि ते करायला आपल्याला आवडेल का ते ठरवा. नायिका आवडली असेल तर ती आवडलेलीच राहू द्या, फक्त तिच्या जागी एखादा ओबडधोबड म्हातारा असता तरी हा गेम घेतला असता का, असे विचारून पाहा. उत्तर ‘नाही’ आले तरी घ्यायला हरकत नाही, पण मग तो पूर्ण किमतीला घेऊ नका, सवलतीची वाट पाहा. संगणकावर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानात मात्र एकदा डाउनलोड सुरू केले की ही सोय सहसा राहत नाही. म्हणून कन्सोलवर घेताना अधिक सावध असावे.

डिचोलीहून एका आईने चौदा वर्षांच्या मुलाबद्दल याच विषयावर विचारले होते, त्यांच्यासाठीही येथेच लिहिते. गेमवर छापलेला वयाचा आकडा पाहाच, पण त्याखालची कारणेही वाचा. अमेरिकेची ईएसआरबी ही संस्था १९९४ पासून आणि युरोपची पेगी ही व्यवस्था २००३ पासून गेमची वयानुसार वर्गवारी करत आली आहे, आणि आकडा हिंसेमुळे दिला आहे की नग्नतेमुळे की भाषेमुळे, हे त्यासोबत लिहिलेले असते. मुलाने चेहरा पाहून गेम मागितला म्हणून त्याला लाजवू नका. त्या वयात लाजवले की तो गेम सोडत नाही, दाखवायचे सोडतो. मोबाइलवरील खरेदी मात्र त्याच्या हाती मुळीच देऊ नका.

लग्नाविषयी तुम्ही लिहिलेली भीती मला समजते, पण तिला आत्ता फार जागा देऊ नये असे वाटते. तुमच्या होणाऱ्या पत्नीला तुमच्या कन्सोलवरील गेम खटकतील की नाहीत हे आज कोणी सांगू शकत नाही, आणि कदाचित तिची स्वतःचीही एखादी यादी असेल. लपवलेला खर्च मात्र कोणत्याही घरात खटकतो. तो प्रश्न लग्नाआधी सुटलेला बरा.

राहिला ताईंचा प्रश्न. त्यांनी तुम्हाला दूषण दिले असे तुम्ही धरून चाललात. असेलही. पण एकाच घरात, एकाच टीव्हीसमोर बसणाऱ्या बहिणीला त्या यादीत स्वतःला खेळावेसे वाटेल असे काही दिसले नसावे, आणि तिने ते आपल्या शब्दांत सांगितले असावे, हाही अर्थ त्या प्रश्नात आहे. त्यांना उत्तर द्यायला ‘नियर : ऑटोमाटा’ पुरेसा आहे. "हा मी बाई पाहून घेतला, हे खरे आहे. आता तू खेळून बघ आणि मी तो पुन्हा का सुरू केला ते सांग," असे म्हणून कंट्रोलर त्यांच्या हाती द्या. सुरुवातीचा बराच भाग न मरता एका दमात पार करावा लागतो, कारण मध्ये सेव्ह करता येत नाही. म्हणून त्यांना सोप्या पातळीवर सुरू करून द्या, आणि पहिल्या शेवटापाशी नावांची यादी वर सरकू लागली की गेम संपला असे समजून उठू देऊ नका.